थंडीत घरात मोठ्या टरबुजाची रोपं: बी भिजवण्यापासून वावरात लावेपर्यंत

डिसेंबर लागला की दरवर्षी मला टरबुजाच्या, म्हणजे कलिंगडाच्या, रोपांचे दोनच प्रकारचे फोटो येतात. एकात कप भरून ठेवलेत, पंधरा दिवस झालेत, वर काहीच नाही आणि उकरून पाहिलं तर बी मऊ पडून सडलेलं. दुसऱ्यात रोपं आलीत पण दोऱ्यासारखी बारीक, उंच, सगळी खिडकीकडे झुकून लोळलेली. दोन्ही ठिकाणी माणसाने मेहनत केलेली असते, बी चांगलं असतं, फक्त क्रम चुकलेला असतो. बी उगवेपर्यंत त्याला उब लागते, उजेड लागत नाही. उगवलं की त्याच दिवशी उजेड लागतो आणि उब कमी करावी लागते. आणि पाणी दोन्ही वेळेला आपण देतो त्याच्या निम्मंच लागतं. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सामान-सुमानाचं काम आहे.

हे मी मोठ्या फळाच्या वाणासाठी लिहितोय, कॅरोलिना क्रॉससारख्या, ज्याचं बी मोजून मिळतं आणि एक बी वाया गेलं तरी जीवाला लागतं. एकर दोन एकर बाजारासाठी टरबूज लावायचं असेल तर सरळ नर्सरीतून ट्रेची रोपं बुक करा, तेच परवडतं. पण मळ्यात चार-पाच वेल मोठ्या फळासाठी लावायचे असतील तर रोपं घरातच करा, कारण एवढी काळजी नर्सरीवाला चार रोपांसाठी घेणार नाही.

## १. आधी तारीख ठरवा, मग बी उघडा

परदेशी पाकिटावर किंवा व्हिडिओत जे सांगतात की शेवटचं हिम पडण्याच्या तीन-चार आठवडे आधी घरात बी लावा, ते तिकडच्या लोकांसाठी आहे. त्यांचा तो हिशोब एप्रिल-मे मध्ये येतो. आपल्याकडे खानदेशात मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा लहान रोप लावणं म्हणजे त्याला भाजायला ठेवणं.

आपल्याला उलटा हिशोब करायचा आहे. मादी फुलं येऊन फळ धरायची वेळ मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात यायला पाहिजे, कारण मार्च संपता संपता दुपारचं ऊन ४० च्या घरात जातं आणि मग फुलं नुसती गळतात. लावणीनंतर साधारण ४० ते ४५ दिवसांनी फळ धरण्यासारखी मादी फुलं येतात, म्हणजे लावणी २० ते २५ जानेवारीला. थंडीत रोप तयार व्हायला २५ ते २८ दिवस. म्हणजे बी भिजवायचं २३ ते २८ डिसेंबरच्या दरम्यान. नेमकी हीच आपल्याकडची सगळ्यात थंड वेळ, रात्रीचा पारा ८-१० वर आणि कधी त्याच्याही खाली, सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूर, शहाद्याकडे गारठा अजून जास्त. म्हणूनच रोपं घरात करायची आहेत.

सावधान: "लवकर लावलं तर फळ मोठं होईल" म्हणून नोव्हेंबरअखेर बी लावू नका. रोप कपात महिन्याच्या वर राहिलं की मुळ्या गोल गोल फिरतात आणि मग वावरात लावल्यावर ते रोप हटून बसतं. टरबुजाला मुळीला हात लागलेला सहन होत नाही, वांगं-मिरचीसारखं ते नाही.

## २. सामान, आणि त्यात काय चालत नाही

- थर्मामीटर. ज्याची वायर मातीत खुपसता येते असा डिजिटल. याच्याशिवाय सुरूच करू नका.
- थर्मोकोलचा झाकणाचा मोठा बॉक्स, औषधवाल्याकडे किंवा मासळीवाल्याकडे मिळतो.
- ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि होल्डर. एलईडी बल्ब उबेसाठी कामाचा नाही, तो फारसा तापत नाही.
- अंडी उबवायच्या मशीनला लागतो तो थर्मोस्टॅट, ठरवलेल्या उबेवर बल्ब आपोआप चालू-बंद करणारा. मोठ्या किमतीची वस्तू नाही ती, पण रात्रीची झोप वाचते.
- ३०० ते ४०० मिलिचे कागदी कप किंवा ४ बाय ६ इंचाच्या काळ्या पिशव्या, तळाला चार-पाच भोकं पाडून.
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), चाळलेलं गांडूळखत, थोडं ट्रायकोडर्मा (रोपाची मर रोखणारी उपयोगी बुरशी).
- एलईडीच्या दोन पट्ट्या, २० वॅटच्या, पांढऱ्या उजेडाच्या.

नर्सरीत वापरतात तो ९८ खणांचा ट्रे इथे घेऊ नका. मोठ्या वाणाचं बी आणि मूळ दोन्ही जाड, पंधरा दिवसात खण भरून जातो.

सावधान, आणि हे नीट वाचा: डिसेंबरात आपल्याकडे अर्ध्या घरात कापूस भरलेला असतो. बल्बाचा बॉक्स त्या खोलीत अजिबात ठेवायचा नाही, शेजारच्या खोलीतही दार उघडं ठेवून नाही. बल्ब थर्मोकोलला टेकला तर थर्मोकोल वितळतो आणि पेटतोसुद्धा. मी बॉक्सच्या मधोमध फरशीचा तुकडा ठेवतो, त्यावर होल्डर पक्का बसवतो आणि बल्बावर मातीची कुंडी उपडी घालतो, वायर कुंडीच्या भोकातून वर काढतो. कुंडी तापते आणि सगळीकडे सारखी उब देते, बल्ब उघडा राहत नाही आणि त्यावर पाण्याचा थेंब पडून तो फुटत नाही. कुंडी आणि बॉक्सची भिंत यात वीतभर अंतर पाहिजेच.

रात्री लाईट जाते तिथे दोन-दोन लिटरच्या चार बाटल्या गरम पाण्याने भरून बॉक्सच्या कोपऱ्यात उभ्या करा आणि वरून गोधडी टाका. पण गोधडी बल्ब बंद असतानाच, बल्ब चालू असताना बॉक्सवर काहीही पांघरायचं नाही.

## ३. भर, म्हणजे कपात भरायचं मिश्रण, तयार करणं

वावरातली काळी माती कपात भरायची नाही. लोक म्हणतात आपली जमीन सोनं आहे, आहेच, पण कपात ती भिजली की चिखल आणि सुकली की ढेकूळ. थंडीत ती ओली राहते आणि बी खाली गुदमरतं.

कोकोपीटची वीट भिजवली की दोन-तीन वेळा चांगल्या पाण्याने धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळीला ते लागतात. तुमच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर पिण्याच्या पाण्यानेच धुवा. मग तीन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत. कच्चं शेणखत नको. युरिया, डीएपी काहीच नको. दहा लिटर भरीला दोन चमचे ट्रायकोडर्मा, मिसळून ओलसर गोणपाटाखाली तीन-चार दिवस ठेवा.

तपासणी: मूठभर भर घेऊन जोरात दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पसरून सुकवा. मूठ उघडल्यावर गोळा फुटून सांडला तर पाणी शिंपडा.

कप भरा, हलक्या हाताने ठोका, ठासून नाही. आणि आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट: भरलेले कप बी टाकायच्या आदल्या दिवशीच बॉक्सात ठेवून गरम करून घ्या. बाहेर ओट्यावर ठेवलेली भर सकाळी १२-१३ अंशावर असते, त्यात बी टाकून मग बॉक्स चालू केला तर ती आतून गरम व्हायलाच दिवस जातो आणि तेवढ्यात बी पाणी पिऊन थंड पडून बसतं. सडायची सुरुवात तिथून होते.

## ४. बी जागं करणं

बाजारातल्या हायब्रीड बीला गुलाबी-लाल औषध चोळलेलं असतं. ते बी भिजवून धुवू नका, तसंच लावा, हातमोजे घालून. बिनबियांच्या वाणाचं बीसुद्धा भिजवायचं नसतं.

मोठ्या वाणाचं बी साधं असेल तर त्याचं कवच फार जाड असतं. नेलकटरने किंवा पॉलिश पेपरने दोन्ही बाजूच्या कडा थोड्याशा घासा, नुसती वरची चकाकी जाईपर्यंत. टोकदार बाजूला हात लावू नका, मूळ तिथूनच निघतं. मग कोमट पाण्यात, हाताला सुखद वाटेल इतक्या, चार ते सहा तास. रात्रभर नाही. रात्रभर भिजवायची सवय आपल्याला हरभऱ्यामुळे लागली आहे, टरबुजाचं बी तेवढ्यात श्वास कोंडून मरू शकतं.

नंतर सुती कापडाचा तुकडा ओला करून घट्ट पिळा, त्यात बी एका ओळीत ठेवून घडी घाला, घडी झिपच्या पिशवीत, पिशवीचं तोंड थोडं उघडं, आणि बॉक्सात २८ ते ३२ अंशावर. पूर्वी जुनी माणसं बियांची पुरचुंडी बांधून उकिरड्याच्या उबेत ठेवायची, माझी आजी तेच करायची आणि म्हणायची "बी ले थंडी वाजस रे भाऊ". कल्पना अगदी बरोबर आहे. फक्त उकिरड्याची उब आपल्या हातात नसते, आत खोलवर तो फार तापतो, म्हणून बॉक्स.

तपासणी: ३६ तासांनी पहिल्यांदा उघडा, मग दर आठ तासांनी. पांढरं टोक ३ ते ५ मिलिमीटर बाहेर आलं की लगेच कपात. सगळ्यांची वाट पाहायची नाही, जे फुटलं ते आधी. मूळ पेराएवढं लांब होऊन कापडाच्या धाग्यात अडकलं तर काढताना तुटतं आणि मग ते बी गेलंच समजा. सहा दिवसांत ज्याला टोक नाही आणि दाबल्यावर मऊ लागतं ते फेकून द्या.

चार वेल पाहिजेत तर सहा-सात बी भिजवा. बाकी पाकीट घट्ट बंद करून ठेवा, दुसरा डाव खेळायला लागला तर हाताशी असावं.

## ५. कपात लावणं

पेन्सिलीने दीड ते दोन सेंटीमीटरचं भोक, बी आडवं किंवा मुळीचं टोक खाली, वरून भुरभुरीत भर. दाबायचं नाही. दोन चमचे कोमट पाणी, झालं. आता उगवून येईपर्यंत पाणी नाही, कपावर प्लास्टिकचा कागद सैल टाका म्हणजे ओल टिकते.

थर्मामीटरची वायर कपातल्या भरीत, बी आहे तेवढ्या खोल. बॉक्सातल्या हवेत लोंबकळत ठेवू नका. हवा ३० दाखवते तेव्हा भर २४ असू शकते आणि आपण समाधानाने झोपतो. भरीत २८ ते ३० पाहिजे, रात्रीसुद्धा. २० च्या खाली गेली की उगवण रेंगाळते आणि १६-१७ ला जवळपास थांबतेच.

उंदीर. घरात धान्य असतं तिथे उंदीर असतोच आणि टरबुजाचं बी त्याला फार आवडतं, एका रात्रीत सगळे कप ओळीने उकरतो. बॉक्सचं झाकण विटेने दाबा आणि कपाटावर, नाहीतर टेबलावर ठेवा.

## ६. उगवल्याचा दिवस

इथून सगळं बदलतं, आणि इथेच अर्धे लोक हरतात. मोड फुटवून बी टाकलेलं असेल तर तीन ते पाच दिवसांत भरीला तडा जातो आणि वाकलेली पांढरी मान दिसते. ती दिसली की तो कप त्याच वेळी बॉक्सच्या बाहेर, उजेडात. संध्याकाळी पाहिलं आणि म्हटलं सकाळी काढू, तर अंधारात ३० अंशावर एका रात्रीत ती मान दोन-तीन बोटं वाढलेली सापडते. ती परत आखूड होत नाही. पहिल्या वर्षी माझे सगळेच कप असे गेले, मी उब चांगली म्हणून बॉक्सातच ठेवले होते चार दिवस.

उजेड कसा द्यायचा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून कलून जातो, त्यामुळे दक्षिणेचा ओटा किंवा गच्चीची दक्षिणेची बाजू धरा. सकाळी दहा ते दुपारी चार बाहेरचं ऊन, त्या वेळात हवा २५ ते २९ असते, रोपाला हीच पाहिजे. सकाळी दव आणि गार वारा असतो तोवर बाहेर काढायचं नाही. चार वाजले की घरात आणि मग एलईडीच्या पट्ट्यांखाली रात्री नऊपर्यंत, सकाळी सात ते दहा परत. पट्टी पानांपासून १० ते १५ सेंटीमीटर वर, रोप वाढेल तशी वर सरकवा. एकूण १४ तास उजेड, मग अंधार. खिडकीच्या काचेमागचा उजेड आपल्या डोळ्याला पुष्कळ वाटतो, रोपाला तो पुरत नाही, कृपया त्याच्या भरवशावर राहू नका.

रात्री आता ३० नको, १८ ते २० पुरे. थर्मोस्टॅट तेवढ्यावर लावा, नाहीतर बाटल्या. १२-१३ च्या खाली मात्र जाऊ देऊ नका.

बीचं कवच पानांवर टोपीसारखं अडकलं तर ओढू नका. कोमट पाण्याचा थेंब लावा, अर्धा तास ओलसर कापूस टेकवून ठेवा आणि मग दोन बोटांनी हलकंच सोडवा. नाही निघालं तर परत ओलं करा. घाईत पान तुटलं तर रोप दहा दिवस मागे पडतं.

तपासणी, उगवून पाचव्या दिवशी: भरीपासून बीपानांपर्यंतची (बीतून निघालेली पहिली दोन जाड पानं) उंची ४-५ सेंटीमीटरच्या आत, देठ हिरवं आणि जाड, बीपानं आडवी पसरलेली. हे असेल तर पुढे चला. उंची ८-१० झाली असेल आणि मान वाकली असेल तर ते रोप काडी लावून वाचवण्यात वेळ घालवू नका, आजच दुसरं बी भिजवा. ५ जानेवारीपर्यंत भिजवलेलं बी अजून वेळेत बसतं.

## ७. रोज काय करायचं, काय नाही

पाणी. कप उचलून वजन बघायची सवय लावा. एक कप भरून वजन हाताला ओळखीचं करून ठेवा, ते निम्मं वाटलं की पाणी. थंडीत हे तीन-चार दिवसांतून एकदा येतं. पाणी सकाळी अकराच्या आत, कोमट, कडेने, देठावर नाही. टाकीतलं सकाळचं पाणी हाताला झोंबतं, ते तसंच रोपाला घातलं तर दिवसभर उन्हात ठेवून मिळवलेली उब एका मिनिटात जाते. संध्याकाळी पाणी नाहीच.

देठ भरीजवळ पाणथळ होऊन बारीक पडला आणि रोप आडवं झालं तर ती मर आहे. ते रोप कपासकट लांब टाका, बाकीच्या कपांचं पाणी दोन दिवस थांबवा, वरची भर बोटाने भुसभुशीत करा, वारा खेळू द्या. औषध मारून आडवं पडलेलं रोप उभं राहत नाही. मर येते ती ओल जास्त आणि थंडी जास्त या दोघांच्या जोडीने, त्यातलं एक जरी सुधारलं तरी पुष्कळ फरक पडतो.

पानांच्या कडा पांढुरक्या झाल्या, पान वाटीसारखं वळलं आणि चार दिवस वाढ दिसत नाही, तर रात्री थंडी लागली आहे. केळीवाल्यांना हे सांगायला नको, कडक थंडीत केळीचा पोंगा कसा अडकतो ते त्यांनी पाहिलेलं आहे. अशा वेळी खत घालायची चूक करू नका, फक्त रात्रीची उब नीट करा.

खत पहिलं खरं पान, म्हणजे बीपानांनंतरचं, पूर्ण उघडल्यावरच. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, पाच-सहा दिवसांतून एकदा, पाण्याऐवजी. बस.

रोपं बाहेर ऊन खातात तेव्हा त्यांच्यावर ४० मेशची पांढरी जाळी टाका. शेजारी कपाशीची पऱ्हाटी उभी असेल तर पांढरी माशी आणि थ्रिप्स (फुलकिडे) तिथून येतात आणि रोग रोपातच घेऊन वावरात जायचं म्हणजे पुढचे तीन महिने वाया.

## ८. रोप कणखर करणं

दुसरं खरं पान निघालं की तयारी सुरू. सहा-सात दिवस लागतात, यात घाई नाही. रोप आधीच रोज ऊन खात असेल तर फक्त वारा आणि रात्रीची सवय लावायची राहते. पहिले दोन दिवस आडोशाला वाऱ्यात दोन तास, मग चार, मग सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. शेवटच्या दोन रात्री ओट्यावर, पण पारा १२ च्या वर असेल तरच, उत्तरेचा गार वारा सुटला तर घरात. पाणी थोडं ताणा, पान मलूल होईल इतकं नाही.

## ९. वावरात लावताना

जागा आधीच तयार पाहिजे, रोप हातात घेऊन खड्डा खणायचा नाही. आठ-दहा दिवस आधी गादीवाफा, भरपूर कुजलेलं शेणखत, ठिबकची नळी आणि मल्चिंग (वाफा झाकायचा प्लास्टिकचा कागद) अंथरून ठेवा. बाजारात चंदेरी-काळा कागद मिळतो आणि सगळे चंदेरी बाजू वर करतात. चार-पाच वेलांसाठी मी जानेवारीत काळी बाजू वर ठेवतो, माती लवकर तापते, आणि मार्चमध्ये त्याच्यावर केळीची वाळलेली पानं किंवा गव्हाचा भुसा पसरतो म्हणजे मुळं भाजत नाहीत. मोठ्या फळाच्या वेलाला १२ बाय १२ फूट जागा सोडा.

तपासणी: सकाळी आठ वाजता, मल्चिंगखाली १० सेंटीमीटर खोल थर्मामीटर. सलग तीन दिवस १८ किंवा जास्त दाखवलं तर लावा. नाही दाखवलं तर चार दिवस थांबा, रोप घरात सुखात आहे.

एरवी उन्हाळ्यात आपण संध्याकाळी लावतो, जानेवारीत मात्र सकाळी दहा-अकराला लावा, म्हणजे रात्र व्हायच्या आत मुळांना उबदार मातीत दिवस मिळतो. कप कात्रीने तळापासून उभा चिरा आणि गोळा न फुटता खड्ड्यात ठेवा. कपात जेवढं खोल होतं तेवढंच खोल, देठाला माती चढवायची नाही. कोमट पाणी लिटरभर, आणि त्याच दिवशी तारेच्या कमानी लावून वरून पांढरं क्रॉप कव्हर (रोपं झाकायचं पातळ कापड), कडा मातीने दाबून. "उद्या टाकू" म्हटलं की तेवढ्यात तांबडे भुंगे किंवा गारठा, दोघांतलं एक येतंच.

क्रॉप कव्हर आतून रोज बघा. दुपारी आत फार तापायला लागलं, साधारण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून, की दुपारी एका बाजूने उचलून ठेवा. पहिलं मादी फूल दिसलं, म्हणजे फुलाखाली वाटाण्याएवढं केसाळ फळ दिसलं, की कव्हर पूर्ण काढा. नाही काढलं तर मधमाशी आत येत नाही आणि फळ धरत नाही.

लावल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी शेंड्याला नवीन पान उलगडताना दिसलं पाहिजे. दिसलं तर ठिबक रोज दहा-पंधरा मिनिटं सुरू करा. दिसलं नाही तर पाणी वाढवू नका, आधी बोटभर माती उकरून हात लावून बघा, ती गार आणि ओली लागली तर दोन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवून कव्हरच्या कडा परत नीट दाबा.